एसटीचा उशीर आणि केळ्यातला अणू

धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावच्या गाडीसाठी थांबलेल्या घोळक्यात एखादा बी.एस्सी. झालेला असला, की हायझेनबर्गचे नाव निघायला फार वेळ लागत नाही. चौकशीच्या खिडकीतून 'गाडी डेपोतून निघाली' एवढेच कळते. म्हणजे गाडीला वेग आहे हे नक्की, पण ती कुठे आहे ते विचारू नका. उलट गाडी फलाटाला लागलेली असेल तर ती कुठे आहे हे नक्की, पण हलणार कधी ते विचारू नका. याच चालीवर पुढचे विनोद सुचत जातात. भरीत पार्टीला निघालेला मित्र फोनवर 'आते निंघी राह्यनू' म्हणतो तेव्हा तो एकाच वेळी घरातही असतो आणि रस्त्यावरही असतो. त्याची खरी अवस्था दार उघडेपर्यंत ठरत नाही, म्हणजे हे श्रोडिंगरचे मांजरच झाले. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा बोर्डावरचा भाव एक आणि बांधावर हातात पडणारा भाव दुसरा, कारण विचारायला गेले की भाव बदलतो. मृगाच्या पावसाबद्दल तर बोलायलाच नको. विनोद चांगले आहेत आणि खान्देशी माणसाला ते शोभतातही. पण त्यांच्यात एक लबाडी दडलेली आहे. आपल्या गैरसोयीची जबाबदारी ते एका जर्मन शास्त्रज्ञावर ढकलतात आणि तो शास्त्रज्ञ या प्रकरणात पूर्ण निर्दोष आहे. खरी क्वांटम अनिश्चितता खान्देशात आहे, भरपूर आहे, पण ती एसटीत नाही. ती केळ्यात आहे, आणि तिचा स्वभाव आपण समजतो त्याच्या जवळजवळ उलटा आहे.

आधी हायझेनबर्ग काय म्हणाला ते पाहू. वेर्नर हायझेनबर्गने आपला प्रसिद्ध लेख १९२७ साली कोपनहेगनमध्ये लिहिला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. (धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळही त्याच वर्षीचे. एकीकडे कागदपत्रांतून भूतकाळ नक्की करण्याची धडपड सुरू होत होती आणि दुसरीकडे वर्तमानसुद्धा एका मर्यादेपलीकडे नक्की करता येत नाही, असे कोणी सांगत होते. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्यासारखा.) हायझेनबर्गचे म्हणणे असे की कणाचे स्थान आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, या दोन्हींतल्या अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक आकड्याच्या खाली कधीच जात नाही. स्थान जितके नेमके, तितका संवेग विस्कटलेला. सुरुवातीला खुद्द हायझेनबर्गनेच हे सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण देऊन समजावले. इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो आणि त्या प्रकाशाचाच त्याला धक्का बसतो. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ बोर याने त्या उदाहरणातल्या चुका तिथल्या तिथे दाखवल्या. त्याच वर्षी केनार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने हा नियम ज्या गणिती रूपात मांडला, त्यात धक्क्याचा किंवा मोजणाऱ्याचा उल्लेखच नाही. कण हा तरंगासारखा वागतो, एवढेच त्यात गृहीत आहे आणि बाकी सगळे त्यातून आपोआप येते. सनईचा लांबवलेला सूर कोणता आहे ते कानाला कळते, पण तो नेमका कोणत्या क्षणी वाजला असे विचारता येत नाही. टाळी कोणत्या क्षणी वाजली ते सांगता येते, पण तिचा सूर सांगता येत नाही. यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नसतो. जे टाळीत नाहीच, ते ऐकू येणार कुठून? इलेक्ट्रॉनचेही असेच आहे. त्याचे नेमके स्थान आणि नेमका वेग कुठेतरी दडून बसलेले आहेत आणि आपल्याला सापडत नाहीत, असा हा मामला नाही.

आता एसटीचा हिशेब करू. प्रवासी, पोती, टपावरचे सामान सगळे धरून गाडी दहा टनांची समजा आणि तिचे स्थान एका मिलिमीटरपर्यंत माहीत आहे असे धरा. हायझेनबर्गच्या सूत्रातून तिच्या वेगातली कमीत कमी अनिश्चितता जी येते, ती सेकंदाला किती मीटर? दशांश चिन्हानंतर पस्तीस शून्ये लिहा आणि मग पाच. या वेगाने गाडी विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १३८० कोटी वर्षे सरकत राहिली असती, तरी आजवर प्रोटॉनच्या व्यासाच्या सातशेव्या भागाइतकीही पुढे गेली नसती. गाडी पारोळ्यात पंक्चर झाली असेल, एरंडोलला प्रवाशांची चढउतार लांबली असेल, रस्त्याचे काम सुरू असेल, चालक बदलायचा असेल. कारणे पन्नास असतील, त्यांत हे कारण नाही. हाच हिशेब इलेक्ट्रॉनला लावला तर चित्र पालटते. अणूच्या आकाराच्या, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाएवढ्या जागेत त्याला कोंडले, की त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर निघते. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सेकंद संपायच्या आत मुंबई मागे टाकून अरबी समुद्रात! एकच नियम दोन्हींना लागू आहे, फरक वस्तुमानाचा. हायझेनबर्गचा नियम मोठ्या वस्तूंना लागू नाही असे पुष्कळदा म्हटले जाते, तेही बरोबर नाही. लागू आहे, पण त्याचा परिणाम इतका क्षुल्लक की कोणत्याही वेळापत्रकात तो दिसणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आकडे राहू द्या, पण 'पाहिले की बदलते' हा अनुभव तर रोजचा आहे. शाळेत तपासणी आहे म्हटले की भिंतींना रंग लागतो, स्वच्छतागृहाचे कुलूप निघते, पोरे कधी नव्हे ती शिस्तीत बसतात. अधिकाऱ्याला खरी शाळा कधी दिसतच नाही. आक्षेप रास्त आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून कामगारांवर जे प्रयोग झाले, त्यांच्यावरूनच 'आपल्याकडे कोणी पाहते आहे म्हटले की माणसे वेगळी वागतात' हा विचार रूढ झाला. (त्या कारखान्यातल्या आकडेवारीवर पुढे बरेच वाद झाले, पण कल्पना टिकली.) तरीही हा हायझेनबर्ग नव्हे. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेची एक निश्चित अवस्था होती. ती मुख्याध्यापकांना, शिपायाला आणि पोरांना पुरती माहीत होती, फक्त अधिकाऱ्याला नव्हती. अधिकारी न कळवता आला असता तर त्यालाही दिसली असती. मोजणाऱ्याने घातलेला गोंधळ आणि मोजायला मुळातच काही नेमके नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर उपाय असतो.

पावसाचे आणि भावाचे प्रकरण थोडे अवघड आहे. चाळीसगावजवळ पाटणदेवीच्या परिसरात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या मठात शिकणारा विद्यार्थी ग्रहणाची वेळ गणिताने काढू शकत असे. आठशे वर्षांनंतर उपग्रह डोक्यावर फिरत असताना, सावद्याच्या शिवारात येत्या महिन्याच्या दहा तारखेला वादळ होऊन केळीची झाडे आडवी होतील की नाही, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. मग इथे तरी निसर्गाचीच अनिश्चितता आहे ना? एडवर्ड लॉरेन्झने १९६३ साली दाखवले, की हवेसारख्या व्यवस्थेची समीकरणे पूर्ण ठाम असली, त्यांत नशिबाचा कणही नसला, तरी सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक वाढत वाढत काही दिवसांत सगळे भाकीत गिळून टाकते. म्हणजे पाऊस बेभरवशाचा वाटतो तो आपली माहिती अपुरी असते म्हणून. चोखंदळ वाचक इथे विचारील, की बारीक चूक जर एवढी वाढते, तर अणूंमधली क्वांटम अनिश्चितताही तशीच वाढून वादळापर्यंत पोचणार नाही का? तत्त्वतः पोचेल. पण तिची पाळी येण्याच्या कितीतरी आधी आपल्या तापमापकांतली आणि दोन वेधशाळांमधल्या मोकळ्या अंतरातली अनिश्चितता, जी तिच्या अब्जावधी पट मोठी आहे, अंदाज मोडून टाकते. केळीच्या भावाला तर एवढ्या खोल जाण्याचीही गरज नाही. तिथले अज्ञान माणसांनी माणसांपासून राखलेले असते.

आता केळ्याकडे येऊ. केळ्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणूनच केळीच्या बागेला, ती मृगबाग असो की कांदेबाग, पालाशाचा डोस भरघोस द्यावा लागतो. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशियम अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० या जातीचा, म्हणजे किरणोत्सारी असतो. मध्यम आकाराच्या केळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम धरले, तर त्यात दर सेकंदाला सरासरी पंधरा अणू फुटत असतात. घाबरून फळ खाली ठेवण्याचे कारण नाही. खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या अंगात दर सेकंदाला पोटॅशियमचेच चार हजारांवर अणू फुटत असतात आणि शरीर जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकून देते. मुद्दा भीतीचा नाही. फुटणारे हे पंधरा अणू कोणते, हा प्रश्न आहे. केळे कधी पिकेल याचा अंदाज बांधता येतो, कारण पिकण्याला कारण असते. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडला, तापमान सोळा-अठरा अंशांवर राखले, की व्यापारी माल कधी काढायचा ते ठरवून घेतो. पण त्याच केळ्यातला पोटॅशियम-४० चा एक विशिष्ट अणू पुढच्या सेकंदात फुटेल की शंभर कोटी वर्षे तसाच राहील, हे सांगायला जगात काहीही उपलब्ध नाही. त्याला तापवा, थंड करा, दाबा, कापा, नासू द्या, काही फरक पडत नाही. शिवाय हा अणू म्हाताराही होत नाही. आपली पृथ्वी जन्मण्याच्या आधी कोणत्यातरी ताऱ्यात तो तयार झाला आणि आजवर फुटला नाही, म्हणून आता त्याची वेळ जवळ आली असे मुळीच नाही. पुढच्या सेकंदात फुटण्याची त्याची शक्यता पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच आज आहे. फुटला तरी कॅल्शियम व्हायचे की आरगॉन, हेही त्या क्षणीच ठरते. शंभरातले सुमारे ८९ कॅल्शियम होतात, बाकीचे आरगॉन. काटेकोरपणे बोलायचे तर हा स्थान-संवेगाचा नियम नव्हे. पण दोन्ही एकाच सिद्धांतातून निघतात आणि 'कारणच नाही' हा प्रकार इथे जास्त स्वच्छ दिसतो.

'कारणच नाही' हे मान्य करणे जड जाते. आईन्स्टाईनलाही गेले. १९३५ साली पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह त्याने मांडले, की क्वांटम सिद्धांत अपुरा आहे, आत आणखी काही तपशील असणार, ते सापडले की सगळे नक्की होईल. म्हणजे अणूचेही शाळेसारखेच, शिपायाला माहीत आहे फक्त आपल्याला नाही. हा वाद केवळ तत्त्वचर्चेचा आहे असे तेव्हा वाटे. जॉन बेल याने १९६४ साली तो प्रयोगाने तपासण्याची युक्ती दिली. क्लाऊझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांनी पुढच्या काही दशकांत ते प्रयोग केले आणि २०२२ चे नोबेल त्यांना मिळाले. निकाल आईन्स्टाईनच्या विरुद्ध गेला. प्रत्येक कण आपले उत्तर खिशात घेऊन फिरतो आणि लांबच्या घटनेचा त्याच्यावर तत्क्षणी परिणाम होत नाही, असे मानले तर जे आकडे यायला हवेत, ते येत नाहीत. एक पळवाट उरते. लांबवरचा तत्क्षणी परिणाम मान्य केला तर दडलेले तपशील मानता येतात, आणि डेव्हिड बोमने तसा सिद्धांत १९५२ मध्ये दिलाही होता. पण त्या वाटेने गेले तरी कोणता अणू कधी फुटेल हे आधी सांगता येत नाहीच. शिपाई असेलही, पण तो तोंड उघडणार नाही अशी तिथेही तजवीज आहे.

इथवर वाचून असे वाटेल, की सृष्टीच्या तळाशीच असा बेभरवसा असेल तर एसटीला नावे ठेवण्यात काय अर्थ? इथेच खरी गंमत आहे. एका केळ्यात सेकंदाला सरासरी पंधरा अणू फुटतात, तेव्हा प्रत्यक्षात कधी अकरा फुटतात, कधी एकोणीस. चढउतार पंचवीस टक्क्यांच्या घरात. आता पोटॅशची, म्हणजे पालाश खताची, पन्नास किलोची गोणी घ्या. तिच्यात सेकंदाला सुमारे पावणेआठ लाख अणू फुटतात आणि त्यांतला चढउतार हजारभरही नसतो, म्हणजे टक्क्याचा साधारण दहावा भाग. एकेका अणूचा काहीही भरवसा नाही, पण अणू वाढत गेले की त्यांच्या समुदायाइतके भरवशाचे दुसरे काही नाही. पोटॅशियम-४० चा साठा १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो, म्हणजे होतोच. या शिस्तीवर भूशास्त्राचे घड्याळ चालते. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतींसारख्या वर आलेल्या काळ्या कातळाच्या डाइक, कपाशी पोसणारी काळी जमीन ज्या दगडापासून झाली तो बसाल्ट, हे सगळे एकेकाळी लाव्हा होते. वितळलेल्या खडकातून आरगॉन वायू निघून जातो. खडक थिजला की आतल्या पोटॅशियमपासून नव्याने होणारा आरगॉन तिथेच अडकतो. तो मोजला की खडकाचे वय निघते. दख्खनच्या पठाराचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे सांगतात, त्याच्या मोठ्या पुराव्यांपैकी हा एक. एवढ्या काळात शंभरातले जेमतेम साडेतीन अणू फुटले आहेत. ते कोणते, हे कोणालाही सांगता येणार नाही. किती, हे सांगता येते, आणि वय काढायला तेवढे पुरते.

आणि खान्देशचा मे महिना! भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की सूर्याला शिव्या देण्याचा परिपाठ आहे. पण सूर्य तापतो तोच या अनिश्चिततेच्या मेहेरबानीने. त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे आणि जुन्या भौतिकीच्या हिशेबाने ते दोन प्रोटॉनांना एकमेकांत मिसळवण्यासाठी फारच कमी पडते. १९२०च्या दशकात आर्थर एडिंग्टनवर टीकाकारांनी नेमका हाच आक्षेप घेतला. त्यावर त्याने त्यांना, जा आणि याहून गरम जागा शोधून काढा, अशा अर्थाचे सुनावले. त्याने भुसावळ पाहिलेले नसावे. उत्तर १९२८ नंतर मिळाले. प्रोटॉनचे स्थान पुरते नक्की नसते, म्हणून जी भिंत ओलांडण्याइतकी शक्ती त्याच्यात नाही, तिच्या पलीकडे तो क्वचित सापडू शकतो. अतिशय क्वचित, पण प्रोटॉनांची संख्या अफाट, म्हणून सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षे बिनबोभाट जळतो आहे. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देतो, ती वीज दोन्ही टोकांना क्वांटमची आहे. प्रकाश निघतो तो प्रोटॉनांच्या या चोरवाटेमुळे, आणि सिलिकॉनच्या पट्टीत त्याची वीज होते ती इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम वागणुकीमुळे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. विनोदाला विनोद म्हणून घ्यावे, त्याच्यामागे गणित घेऊन कशाला लागायचे? मान्य. बसस्थानकावरची कोटी कोणाचे नुकसान करत नाही. पण 'अनिश्चितता हा निसर्गाचाच नियम आहे' हे वाक्य विनोदातून निसटून इतर ठिकाणी जाऊन बसते. कुठे ते क्वांटमच्या नावाने लॉकेट आणि मंतरलेले पाणी विकते, कुठे ते भाव आधी जाहीर न करण्याचे समर्थन होते, कुठे नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे न सांगण्याचे. या सगळ्या ठिकाणी माहिती कोणाकडे तरी असते. ती मागता येते, मिळवता येते, फलकावर लिहिता येते. अणूच्या बाबतीत ती कोणाकडेच नसते, आणि तरीही अणूंचा समुदाय आपल्या वेळापत्रकाला कधी चुकत नाही. आपल्या व्यवस्थांचे उलट आहे. एकेक माणूस विचारला तर बऱ्यापैकी नेमके सांगतो, आणि सगळे मिळून जे चालवतात त्याचा मात्र भरवसा नसतो. हे दोन प्रकार एका नावाखाली बसवणे म्हणजे दुसऱ्या प्रकाराला फुकटची माफी देणे आहे, आणि हायझेनबर्गच्या सूत्रात तशी तरतूद नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचे म्हणून पाळले. भारत सरकारने २०२३ मध्ये सहा हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याची भाषणे पुष्कळ झाली. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की येत्या विज्ञान प्रदर्शनात गायगर काउंटरसमोर पोटॅशने भरलेली वाटी ठेवा, दर मिनिटाचा आकडा पोरांकडून फळ्यावर लिहून घ्या, पुढचा आकडा कोणता येईल यावर त्यांना पैजा लावू द्या आणि शेवटी सरासरी काढायला सांगा. पोटॅश कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. केळे मात्र आणू नका. एका केळ्याने साध्या काउंटरचा आकडा हलत नाही.